भिंतीवरचे आकार

शनिवारी सकाळी आयली कांगास गाडी बाहेर काढते.
उणे एकवीस. गाडी रस्त्याकडेला कुडकुडत उभी
आणि तिच्या जागेत,
तेलाच्या जुन्या डागाभोवती,
आम्ही सहा जण, अंगावरचे कोट न काढता.

थंडर बेच्या थंडीत
लोखंडाला उघडा हात लावू नये, चिकटतो.
म्हणून पहिला धडा : हत्यारं आधी हीटरपाशी मांडायची,
पाव शेकायला ठेवावेत तशी.
दुसरा : बाह्या वर, केस मागे.
तिसरा अजून चालू आहे,
नोव्हेंबरपासून.

भिंतीवर तिच्या नवऱ्यानं, तॉइवोनं,
प्रत्येक हत्याराभोवती काळी रेघ मारलेली.
पक्कड, पाने, करवत, गुण्या,
पटाश्या उंचीप्रमाणे,
शाळेच्या फोटोत उभ्या केल्यासारख्या.
कोणी काही हलवलं तर कळावं, म्हणून रेघ.
"एक्केचाळीस वर्षं," आयली सांगते,
"साधा स्क्रू आवळू दिला नाही मला."
रागानं नाही, हवामान सांगावं तसं.
कधी शिकवलंच, तर हातचं राखून.
मग तो गेला,
आणि दुसऱ्याच आठवड्यात स्वयंपाकघरातला नळ.

कशी शिकलीस, असं विचारलं
की डाव्या अंगठ्यावरची पांढरी खूण दाखवते.

आज रंधा.
पातं दगडावर घासायचं, घासत राहायचं,
पाठीला केसाएवढी कड लागेपर्यंत.
बोट धारेवरून नाही, धारेच्या बाहेर.
डेलबर्टचा जन्म धान्याच्या कोठारांवर गेला,
तो म्हणाला, यात शिकायचं काय?
आणि त्याच्या फळीला खड्डे पडले.
आयलीनं फळी फक्त उलटी फिरवली.
"मांजराला शेपटीकडून कुरवाळशील का?"

कीगन चौदा वर्षांचा, डावखुरा.
त्याला कसं दाखवावं तिला कळेना
तेव्हा त्याच्या समोर उभी राहिली, आरशासारखी,
आणि स्वतःचे उजवे हात-पाय
दुसऱ्या कोणाचे असावेत तसे हलवत राहिली.
बाकी वेळ तिचे हात ॲप्रनच्या खिशात.
आत मुठी वळलेल्या असतात,
कापडावरून दिसतं.

आम्ही काही गुण्यागोविंदानं नांदणारे नाही.
डिंकावरून मागच्या शनिवारी भांडण झालं,
एक जण अजून बोलत नाही.
पण रंधा सगळ्यांना एकच मिळतो,
वाट बघावी लागते.

मी अठ्ठावीस वर्षं शहराची बस चालवते.
माझी पाळी आली. ढकलला. अडला.
पुन्हा ढकलला, खांद्यातून नाही, पायातून,
आणि आवाज आला
माझ्या बसच्या दारासारखा : फुस्स.
पात्यातून एक लांब छिलका वर आला,
इतका पातळ की त्यातून कीगनचं जॅकेट लाल दिसलं.
गुण्या लावला. खालून उजेड दिसला.
"दिसू दे," आयली म्हणाली.

भिंतीवर एक आकार असा आहे
ज्यात बसणारं हत्यार कोणालाच सापडलेलं नाही.
डेलबर्ट म्हणतो गिरमिट, कीगन म्हणतो बदक.
बाकीच्या रिकाम्या आकारांत
खडूनं नावं लिहिलेली असतात,
नेणाऱ्यांची.
माझ्या घराचं न्हाणीघराचं दार मार्चपासून घासतंय
म्हटल्यावर तिनं रंधा वर्तमानपत्रात गुंडाळून दिला
आणि त्याच्या जागी लिहिलं, रोवेना.
एक अक्षर चुकलं. मी सांगितलं नाही.

सोमवारी परत द्यायचा होता.
आज बुधवार.
आवाज ऐकून खालच्या मजल्यावरची फिलिस वर आली,
दारात उभी राहून बघत राहिली,
मग म्हणाली, माझंही एक कपाट आहे.
मी रंधा तिच्या हातात दिला.
तिनं उलट्या बाजूनं ढकलला, अर्थातच.
मी हात खिशात घातले.